सेनेटरचं शिंग

उजाडल्यापासून सोलांजला शिंकायलाही बंदी होती. पाण्याचा पंप लावायचा नाही, कारण तो गुरगुरतो. कॉफी करायची नाही, कारण भांडं फुसफुसतं. फिरत्या घरासारख्या त्या गाडीचं दार उघडायचंच असेल तर दोन्ही हातांनी, चोरासारखं, बेताने. हे सगळे नियम रेमीने आदल्या दिवशी जेवताना सांगितले होते आणि सोलांजने ते पावाबरोबर गिळले होते.

रेमी हा आमच्या फ्रान्समधल्या लिमोजचा निवृत्त चष्मेवाला. जन्मभर त्याने लोकांना दिसायला मदत केली आणि निवृत्तीनंतर आपल्याला एक पक्षी दिसावा एवढीच इच्छा धरली. पक्ष्याचं नाव बुतोर. हा बगळ्याच्या कुळातला, पण बगळ्यासारखा चारचौघांत उभा राहील तर शपथ. रंग वाळक्या बोरूचा, बिऱ्हाड बोरूच्या बेटात, आणि माणसाची चाहूल लागली की पळून न जाता चोच आभाळाकडे करून हा तिथल्या तिथे बोरू होतो. आवाज मात्र कोसभर जातो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. रेमीने तो आवाज देशातल्या बहुतेक दलदलींत ऐकला होता. पक्षी एकदाही पाहिला नव्हता.

पाहिला होता तो सोलांजच्या भावाने. एदगारला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. तो म्हणे एकदा आडोशाला म्हणून गाडीतून उतरला आणि समोर बुतोर. तेव्हापासून रविवारच्या जेवणात चीजची पाळी आली की बुतोरही टेबलावर येई.

"काय दाजी, दिसला का?" एदगार विचारी. "जन्मभर लोकांचे डोळे तपासलेत. एकदा स्वतःचेही तपासून घ्या."

शेवटी सोलांजनेच तह केला. दक्षिणेकडच्या कामार्गच्या दलदलीची ही शेवटची फेरी. बुतोर दिसला, तर गाडी राहील. नाही दिसला, तर गाडी विकायची आणि पुढच्या वसंतात समुद्रकाठच्या बियारित्झला हॉटेलात उतरायचं, जिथे अंघोळीला टब असतो आणि संडास उशीपासून हातभर अंतरावर नसतो. रेमीचा त्या गाडीवर जीव होता. तिचे पडदे त्याने स्वतः शिवले होते. तरी त्याने मान डोलावली, कारण अख्ख्या आठवड्यात एक पक्षी दिसणार नाही असं त्याला वाटलं नव्हतं.

आता शेवटची सकाळ होती. आठवडाभरात डासांनी दोघांना ओळखीचं करून घेतलं होतं आणि फ्लेमिंगो तर इतके झाले होते की सोलांजला त्यांची दया यायला लागली होती.

"फ्लेमिंगो का चालत नाहीत तुला?" तिने एकदा विचारलं होतं. "गुलाबी आहेत, उघड्यावर उभे आहेत, कुणाला नाही म्हणत नाहीत."

"ते कुणालाही दिसतात."

"तेच तर म्हणतेय मी."

रेमीने गाडी लावली होती ती दलदलीकडच्या मातीच्या बांधावर. तिथे 'खाजगी कुरण, गाड्या लावू नयेत' अशी ठळक पाटी होती. पण पाट्या नेहमी इतरांसाठी असतात असं मानणाऱ्यांचा आमचा देश आहे, आणि रेमी देशभक्त होता. बांध उतरता असल्यामुळे त्याने एका बाजूच्या चाकांखाली पाचरी सरकवल्या, गाडी समपातळीत आणली, पुढच्या बाजूला हिरवी जाळी टांगली आणि तिच्याआड दुर्बीण घेऊन बसला. आवाज पूर्वेच्या बोरूतून येत होता. म्हणून रेमीचं तोंड पूर्वेकडे होतं.

सोलांज चवड्यांवर चालत संडासात गेली. कामार्गमध्ये त्या सकाळी दाराची कडी लावता येणारी तेवढी एकच जागा होती. तिथली खिडकी पश्चिमेला होती, वहीच्या पानाएवढी.

इतक्यात घंटा वाजली. बांधावरून काळ्या बैलांचा कळप येत होता, पुढे गळ्यात घंटा बांधलेला म्हातारा बैल आणि मागे पांढऱ्या घोड्यांवर दोन स्वार. कुरण बदलायचा दिवस होता. कळप गाडीला वळसा घालून शहाण्यासारखा पुढे गेला. एक बैल मात्र थांबला. त्याला पाठीवर डास चावले असावेत, आणि त्या सपाट मुलखात अंग घासायला दुसरं काही उभं नव्हतं. त्याने गाडीला पाठ लावली आणि डोळे मिटून घासायला सुरुवात केली.

रेमी जाळीतून बाहेर आला. पूर्वेला बुतोर नुकताच दोनदा बोलला होता, त्यामुळे ओरडण्याची सोय नव्हती.

"हड्!" रेमी कुजबुजला. "हड् म्हणतो ना! जा तिकडे!"

बैलाने एक डोळा उघडला. कुजबुजत शिव्या देणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. रेमीने टोपी काढून हवेत हलवली. ही मात्र चूक झाली. या भागातल्या बैलांना लहानपणापासून एकच शिक्षण मिळतं, ते म्हणजे समोर हात हलवणाऱ्या माणसाला सोडायचं नाही. रेमीने गाडीला वळसा घातला आणि तो शिडीवरून टपावर चढला. बैलाने जिथे माणूस होता तिथे शिंग घातलं. तिथे आता गाडी होती.

पत्रा फाटल्याचा आवाज झाला. गाडी पाचरींवरून घसरली, बांधाच्या उताराला कलली आणि चिखलात चाकं रुतवून तशीच उभी राहिली. बैल दोन पावलं मागे गेला, आपलं काम बघितलं आणि घंटेच्या दिशेने चालता झाला.

"सोलांज!" आता रेमी खरोखर ओरडला.

"दार अडकलंय," आतून आवाज आला. गाडी कलल्यामुळे संडासाची चौकट तिरकी झाली होती. "ओढून बघ."

रेमीने आत येऊन ओढलं. दाराची मूठ हातात आली.

तोवर मागचा स्वार येऊन पोचला होता. हा ओदिबेर, कळपाचा मालक. त्याने घोड्यावरून उतरून आधी पाटीकडे बघितलं, मग रेमीकडे, मग पत्र्याच्या भोकाकडे. भोकाजवळ गेल्यावर त्याचा चेहराच बदलला. त्याने त्यात मूठ घातली. मूठ मनगटापर्यंत गेली.

"डावं शिंग," तो हळूच म्हणाला. "साहेब, तुम्हाला कल्पना आहे का, तुम्हाला कोणी मारलंय?"

"मला नाही, गाडीला."

"सेनेटर होता तो!" ओदिबेरने टोपी काढली. "गेला अख्खा हंगाम यानं मैदानात कशाला शिंग लावलं नाही. नुसता उभा राहायचा, सरकारी नोकर उभा राहतो तसा. लोक तोंडावर म्हणायला लागले, संपला तुमचा सेनेटर. आणि आज सकाळी, उपाशीपोटी, हे!"

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. या गावांत मैदानात माणसांमागे बैल सोडायच्या शर्यती होतात; त्यांच्या फलकावर बैलाचं नाव मोठ्या अक्षरांत छापतात आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या माणसांची खाली, बारीक.

"याच्या बापाला आम्ही शेतात पुरलाय," ओदिबेर सांगत होता. "उभा. समुद्राकडे तोंड करून."

"आणि तुमचे वडील?" रेमीने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"ते काय, आडवेच. गावाच्या दफनभूमीत."

"हे बघा, गाडी आधी ओढून काढूया. माझी बायको आत अडकली आहे."

"कुठं?"

"संडासात."

ओदिबेरने विचार केला. "बाईंना म्हणावं, थोडं थांबा. गाडी हलली की भोकाची उंची बदलते. शर्यत मंडळाच्या अध्यक्षांनी बघायला पाहिजे. नाहीतर उद्या म्हणतील, झाडाला आपटली असेल."

त्याने फोन लावला. अध्यक्ष आले ते एकटे नाही आले. पाववाला आला, नगरपालिकेची एक बाई आली, सेनेटरचे कट्टर समर्थक आले आणि त्याहून कट्टर विरोधक आले. कुणीतरी पास्तिस दारूची बाटली आणि बर्फ आणला. डाव्या शिंगाचे आणि उजव्या शिंगाचे असे दोन पक्ष पडले. एक म्हातारा भोकापुढे गुडघ्यावर बसून कडांवरून बोट फिरवू लागला.

"तुम्ही नेमके कुठं उभे होता?" अध्यक्षांनी रेमीला विचारलं.

"टपावर."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी इथे. टोपी हलवत होतो."

गर्दीतून कौतुकाचा उद्गार निघाला. कुणीतरी रेमीच्या हातात पेला दिला, कुणीतरी पाठ थोपटली आणि सगळ्यांनी त्याला भोकाशेजारी उभं करून फोटो काढले. पूर्वेचा बुतोर केव्हाच गप्प झाला होता. पक्षी गेला, म्हणजे गाडीही गेली. त्याने शिवलेले पडदे कलत्या खिडकीत तिरके लोंबत होते, आणि परका कुणीतरी ते काढून टाकील या विचाराने त्याला पेला संपवावा लागला.

मधूनच तो आत जाऊन दार ठोठावी.

"सोलांज? ठीक आहेस ना?"

"श्श!" आतून एवढंच येई.

लग्नाच्या एवढ्या वर्षांत तिने असं तुटक उत्तर दोनदाच दिलं होतं, आणि दोन्ही वेळा प्रकरण महिनाभर चाललं होतं. रेमी पाय न वाजवता बाहेर आला आणि ओदिबेरला म्हणाला, "ट्रॅक्टर आणा हो. पाया पडतो."

ट्रॅक्टर आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गाडी सरळ झाली, दार आपसूक उघडलं आणि सोलांज बाहेर आली. अर्धं गाव दारात पेला घेऊन उभं होतं. तिने पाववाल्याच्या हातातलं ऑलिव्ह उचललं, खाल्लं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. रेमीला वाटलं, हिने तोंड सोडलं असतं तर बरं झालं असतं.

लिमोजपर्यंत भोकातून वारा शिटी वाजवत आला. सोलांज बाहेर बघत होती. तिने हॉटेलचं नाव काढलं नाही, विक्रीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रेमीने विचारलं नाही, कारण फाशीची तारीख आपण होऊन कोण विचारतो? त्याने गुपचूप भोकावर पत्रा ठोकला.

रविवार आला. चीज आलं. एदगारने सुरी पुसली.

"मग दाजी? ऐकलं की बैल दिसला म्हणे. तेवढा मोठा असला की दिसतो ना तुम्हाला?"

रेमी ताटात बघत राहिला.

"माझा बुतोर अजून डोळ्यांपुढे आहे," एदगारने सुरू केलं. "दगड! अक्षरशः दगड. हलला म्हणून नाही."

"पुस्तकात लिहिलंय, वाऱ्याबरोबर डुलतो," रेमी पुटपुटला.

"पुस्तकं लिहिणारे घरी बसून लिहितात. मी बघितलाय. दगड."

"डुलतो," सोलांज म्हणाली. ती पावाला चीज लावत होती. "बोरू डुलले की तोही डुलतो. वारा थांबला की बोरू थांबतात, पण हा जरा वेळ तसाच डुलत राहतो. मग त्याच्या लक्षात येतं आणि ओशाळल्यासारखा थांबतो. सारखं तेच. कंटाळाच येत नाही बघायला."

एदगारने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. पुढे कधीही त्याने चीजच्या वेळेला पक्ष्याचं नाव काढलं नाही.

"तू..." रेमीने ताटातून मान वर केली. "कुठून?"

"संडासाच्या खिडकीतून. पश्चिमेला दुसरा होता. तू तिकडे फोटो काढून घेत होतास आणि तो इकडे माझ्यापासून या टेबलाएवढ्या अंतरावर उभा. एवढा गलका, जाईल कुठे बिचारा? तोही अडकलेला, मीही अडकलेली. आणि तू मेला सारखं दार वाजवतोयस."

"अगं, मग सांगायचं ना मला! आजवर बोलली का नाहीस?"

सोलांजने पावाचा तुकडा तोंडात टाकला.

"तिथल्या तिथे सांगितलं असतं तर तू रुसून पक्ष्यांचा नाद सोडला असतास," ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षी मला तिकडे कोणी नेलं असतं?"