मार वं!

"पदर खोच अन् मार वं!"

हे मला उद्देशून आहे. मला दाढी आहे.

गणपतमामा लोहाराच्या भट्टीवर मी सहा महिन्यांपासून घण मारायला शिकतोय, आणि सहा महिने हा माणूस मला बाईची हाक मारतोय. आमच्याकडं 'वं' बाईला, 'बे' गड्याला. मला सारखं "थकली का वं?" भैंसा गावच्या बाजाराला निघालेले लोक मुद्दाम थांबून ऐकतात. शेजारच्या शेतातला पोशट्टी तर विचारतो, "मामा, हे दाढीवाली सून कोठून आनली?"

मामाला जाब विचारला तर कानावर हात. "मी कवा म्हनलो?"

मी आलो होतो हा हुन्नर वाचवायला. 'लोहाराचं मनगट वाचवा' हे पत्रक मीच लिहिलं, मीच वाटलं. वर घण उगारलेला मिशीवाला लोहार छापला. मामानं ते उलटसुलट पाहिलं, त्याच कागदानं भट्टी पेटवली आणि म्हणाला, "घण उचल."

तेव्हापासून सात विळे झाले. सातही त्यानं परत आगीत टाकले. "ठेका नाही." ठेका म्हणजे असं की सांडशीत लाल लोखंड धरून मामा बारक्या हातोडीनं जिथं टिचकी मारेल, तिथंच लगोलग माझा घण पडला पाहिजे. उभं राहायचं तेही त्याच्या मर्जीनं! ऐरणीसमोर जमिनीत दोन खळगे आहेत, माझ्या पावलांना लहान. मुरूम टाकून बुजवायला गेलो तर त्यानं टोपली हिसकावली. "हात नोको लावू!" चहासुद्धा तापल्या विळ्याच्या रंगावर आल्याशिवाय उतरवू देत नाही. अशा माणसापुढं डोकं आपटावं की ऐरणीवर?

गेल्या सोमवारी पोशट्टी ज्वारी कापायला विळा हवा म्हणून येऊन बसला. आठवा विळा. माझा एक तरी विळा कुणाच्या हातात जावा, एवढंच मला हवं होतं. जमतही होता. तेवढ्यात "पदर खोच" झालं, पोशट्टी खिदळला आणि माझं टाळकं फिरलं.

"बस झालं, मामा! बाईला कमी लेखत नाही मी. पण मी बाई नाही. चूक ती चूक. गड्यासारखी हाक मारा!"

मामानं सांडशी सावरली. मग हळूच, "बरं. मार बे."

आणि सगळं बिघडलं. त्याची हातोडी उशिरा पडली, माझा घण लवकर. दोन ठोक्यांत पातं वाकडं. मामा सांडशीकडं बघत राहिला. "ठेका नाही," म्हणाला. या वेळी मला नाही, स्वतःलाच.

पोशट्टी हसायचा थांबला. "भाऊ, तेथं चंद्रामामी उभी राहे. तीस वर्सं घण तिनंच मारला. दोन साल झाले तिला जाऊन."

मी खाली पाहिलं. खळगे. लहान पावलांचे. आणि माझ्या पत्रकावर मिशीवाला!

मामानं पातं पुन्हा आगीत सरकवलं. लाल झालं, ऐरणीवर आलं. हातोडी वर गेली आणि तशीच राहिली. मला काय हाक मारावी, हेच त्याला कळेना.

"म्हना, मामा."

"काय म्हनू?"

"लोखंड काळं पडून राह्यलं! म्हना!"

"...मार वं."

चवडे कसेबसे त्या खळग्यांत बसवले, नसलेला पदर खोचला आणि मी घण उचलला.