काचेवरची रेघ नेमकी कुणाच्या बाजूला?

"चार हजार पुस्तकं वाचलेल्या माणसाला मोटारीची काच आतून पुसता येणार नाही?"

हे वाक्य मी शनिवारी सकाळी, पाव कापायची सुरी उगारून म्हणालो! चौऱ्याहत्तर वर्षांत इतक्या ठामपणे मी फार तर दोनदा बोललो असेन. त्यामुळे बोलून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, आणि खाली ठेवताना सुरी लोण्यात पडली.

समोर माझी मुलगी इर्मेला बसली होती. माझं मोटार चालवणं बंद करायला ती फ्रायबुर्गहून मुद्दाम आली होती. झालं होतं एवढंच, की आदल्या आठवड्यात ऑक्टोबरचं तिरपं ऊन थेट समोरून आलं, पुढची काच दुधासारखी पांढरी झाली आणि मी मोटारीसकट दफनभूमीच्या कुंपणात शिरलो. कुंपण झुडपांचंच होतं. आतल्या कुणाची तक्रार आली नाही!

"बाबा, तुमचे डोळे गेलेत," इर्मेला म्हणाली.

"डोळे नव्हेत, काच! आतून तिच्यावर धुरकट थर बसलाय. उन्हात नुसते पट्टे दिसतात."

"बरं. तीन वाजता मी शेजारी बसते. आत्याकडे कॉफीला जाऊ. नीट नेलंत तर चावी तुमची. नाहीतर माझ्या पर्समध्ये."

ग्रंथालय आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर. बस दिवसातून दोन, त्यातली एक परत येत नाही. चावी गेली तर माझं काय होईल, हे वेगळं सांगत नाही.

घरकामाच्या एका पुस्तकातून मी कृती कार्डावर उतरवून घेतली. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेला माणूस कार्डाशिवाय काही करत नाही. आधी कोरड्या फडक्याने धूळ. मग पाण्यात थोडं स्पिरिट, तेही काचेवर नाही, फडक्यावर. शेवटी रद्दी पेपरच्या बोळ्याने कोरडं करायचं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे आतून आडवं पुसायचं आणि बाहेरून उभं, म्हणजे रेघ राहिलीच तर कुठल्या बाजूची ते लगेच कळतं. हे वाचून मला इतका आनंद झाला, की काम झाल्यासारखंच वाटलं!

दुपारी मी स्टिअरिंगमागे शिरलो आणि पेपरचा बोळा केला. त्यावर एका हरवलेल्या गाढवाची बातमी दिसली. बोळा उलगडला. गाढव सापडलं की नाही, ते पुढच्या पानावर होतं. आणि पुढच्या पानाने मी नुकतीच मागची काच पुसली होती! ते ओलं पान मी हलक्या हाताने पसरत होतो, एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मास्तर, पेपर काचेला लावायचा असतो, नाकाला नव्हे!"

हा आमचा शेजारी अलोइस. सहा गाई, आणि चेरीची दारू गाळायचा आजोबांपासून चालत आलेला परवाना. माझी अडचण ऐकून तो फडकं घेऊन बाहेरच्या बाजूने उभा राहिला.

"रेघ आहे," तो म्हणाला. "तुमच्या बाजूला."

"माझ्या? मला ती तुमच्या बाजूला वाटते."

"मी आत्ता पुसली की!"

"मग माझ्याच बाजूला असेल," मी लगेच कबूल केलं आणि पुसलं. रेघ हलली नाही. मग त्याने पुसलं. मग मी. काचेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही एकमेकांना हात करत असल्यासारखे दिसत होतो!

"नीट बघा हो अलोइस," मी कार्ड पाहून विचारलं, "रेघ आडवी आहे की उभी?"

"तिरकी!"

मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. पुस्तकात तिरक्या रेघेबद्दल काहीच नव्हतं! मी चष्मा काढून पाहिलं. रेघ गेली, पण अलोइसही गेला.

त्या गडबडीत कोपर लागून स्पिरिटची बाटली आडवी झाली. अडीच वाजले होते. माझे हात थरथरायला लागले. अलोइसने माझ्याकडे निरखून पाहिलं, घरात गेला आणि अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन आला.

"हे घ्या. मी गाईंचं आटोपून येतो."

बाटलीवर चिठ्ठी नव्हती. आमच्या गावात कुठल्याच बाटलीवर नसते. व्हिनेगर, स्पिरिट आणि तीर्थयात्रेहून आणलेलं पवित्र पाणी, सगळं एकाच घाटाच्या बाटल्यांत. मी मनात म्हटलं, किती समजूतदार शेजारी! फडक्यावर थोडं ओतलं, एक हात फिरवला, आणि रेघ गायब! थोडा चेरीचा वास आला. हल्ली साबणालासुद्धा लिंबाचा वास असतो, तसंच काहीतरी असेल. मी उत्साहाने एकही काच सोडली नाही.

तीनला इर्मेला दारातून आणि अलोइस गोठ्यातून एकदमच आले.

"काय मास्तर, बरं वाटलं का?" अलोइसने विचारलं.

"अप्रतिम! असं समाधान कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं!"

"थोडी उरवलीत ना?"

"छे हो! अर्धी पुढे बसून संपवली, उरलेली मागच्या सीटवर."

अलोइसचा चेहरा चुन्यासारखा झाला. "अर्धा लिटर? अर्ध्या तासात?"

"काच मोठी आहे!" मी जरा ऐटीतच म्हणालो.

इर्मेलाने मोटारीचं दार उघडून आत डोकं घातलं आणि चटका बसल्यासारखं बाहेर काढलं.

"बाबा, या फरशीच्या कडेवरून सरळ चालून दाखवा."

"का गं?"

"चाला म्हणते ना!"

शनिवार दुपार, म्हणजे अख्खी गल्ली आपापल्या दारापुढे झाडत होती. सगळे झाडू थांबले. मला चारचौघांसमोर खुर्चीतून उठायलासुद्धा संकोच वाटतो! चार पावलं कशीबशी टाकली, आणि पाचवं कुठल्या पायाचं, तेच आठवेना.

"अरेरे," समोरच्या क्रेसेन्त्सियाबाई झाडूवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "इतकं वाचून शेवटी हेच!"

"पण माझ्या चालण्याचा काचेशी काय संबंध?" मी रडवेला होऊन विचारलं.

"काचेशी?" अलोइसने जमिनीवरचा पेपरचा बोळा उचलला. हुंगला. पुन्हा हुंगला. आणि पायरीवर बसकण मारली. "मास्तर! सहा वर्षं मुरवलेली चेरी हो! तुमचे हात कापत होते म्हणून धीराला दिली, टोपणभर घ्यायला! आणि तुम्ही ती काचेला पाजलीत?"

"मोटार चालवण्याआधी टोपणभर?" इर्मेला त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडे वळली. "तोंड उघडा बाबा."

मी उघडलं. तिने वास घेतला. "नुसती कॉफी," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. अलोइस मात्र बोळा छातीशी धरून बसला होता.

वासामुळे चारही काचा खाली घेऊन आम्ही निघालो. वळणावर ऊन थेट समोर आलं. पण काय सांगू! एक पट्टा नाही, एक डाग नाही! झाडाचं पान अन् पान दिसत होतं. दफनभूमीचं कुंपण मी असं काही टाळलं, की इर्मेलाने दाराची धरलेली कडी सोडून दिली. माझ्या बहिणीच्या गावात शिरताना ती म्हणाली, "थंडी वाजते, काचा वर घ्या." मी घेतल्या आणि मोटार बरोबर फाटकासमोर उभी केली.

"मी चुकले बाबा," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत तुमचे. चावी तुमच्याकडेच राहू दे."

तेवढ्यात फाटकातून वाल्बुर्गा, माझी बहीण, हाका मारत आली, "ओटमार! आलास का रे?"

"आलो गं!" म्हणून मी आनंदाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

ठण्ण!

काच दोन मिनिटांपूर्वी मीच वर घेतली होती, हे मान्य. पण ती दिसली तर आठवणार ना!

इर्मेलाने फक्त तळहात पुढे केला. एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने मी चावी त्यावर ठेवली. काच मात्र इतकी स्वच्छ गावात कुणाचीच नसेल. अर्थात, आता नाकाचा ठसा सोडून!