मोजायच्या बर्फाचा चहा

रईसा पावलोव्हना हिमवादळात दोर धरून बाहेर पडली, तेव्हा तिचा नवरा वालेरी शेगडीजवळ मोजे वाळवत बसला होता. कारा समुद्राकाठच्या त्या हवामान केंद्रावर दोघंच राहत. तो जनरेटर सांभाळी, ती आभाळ. वारा माणसाला आडवं पाडो, समोरचं काही दिसो न दिसो, वेळ झाली की ती जाऊन बर्फ साठलेली बादली बदलून आणी, तो वितळला की मापून आकडा रेडिओवरून मोर्सच्या टिकटिकीत कळवी. लग्न झाल्यापासून तिचा एकही आकडा चुकला नव्हता. वालेरीला बायकोचा फार अभिमान होता, पण ती डोक्यावर बसेल म्हणून त्याने तो तिला कधी कळू दिला नव्हता.

जाताना मात्र तिने त्याला झापलं होतं, की चहासाठी बर्फ मीच आणायचा, मीच वितळवायचा आणि तू नुसता ढोसायचा. ते त्याला लागलं. रईसा परतली. मोजणीच्या खोलीत आज बर्फ वितळायचं नाव घेईना, म्हणून तिने बादली शेगडीपाशी ठेवली आणि हवेचा दाब बघायला गेली. थोड्या वेळाने वालेरीने झाकण उचललं, तर आत आयतं पाणी. चहाचाच बर्फ समजून त्याने मनापासून चहा केला.

रईसाने दोन कप घेतले, चहाला चव आलीय म्हणाली आणि मग विचारलं, "बादलीतलं पाणी कुठंय?"

"तुझ्या पोटात. थोडं माझ्या."

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून वालेरीची गाळण उडाली. अंदाजे एक आकडा ठोकून दे, तिकडून कोण बघायला येतंय, असं तो म्हणाला.

"मी ठोकून देत नाही, म्हणूनच कुणी येत नाही," ती म्हणाली आणि 'आज आकडा नाही' एवढंच टिकटिकवून मोकळी झाली. ही बाई आपल्या वाट्याला आली कशी, याचं वालेरीला पुन्हा एकदा नवल वाटलं.

जरा वेळाने रेडिओ खरखरला. मुख्य कचेरीतल्या स्तेपान ग्रिगोऱ्येविचचा आवाज जड झाला होता.

"वालेरी, धीर धर बाबा. रईसा पावलोव्हना कधी गेल्या?"

"कुठं गेल्या?"

"त्यांचा आकडा नाही असं तूच कळवलंस ना? आम्ही समजायचं ते समजलो. इथं सगळे टोप्या काढून उभे आहेत."

रईसाने नवऱ्याच्या हातातून माईक घेतला. "मी धडधाकट आहे. ह्याने मोजायच्या बर्फाचा चहा केला."

पलीकडून तोच जड आवाज आला.

"वालेरी आहे ना अजून?"