विकेटकीपरच्या कपाळी कुंकू

मिक्सर जळाला तो शेंगदाण्याच्या चटणीत. मिक्सर जळाला की शहाणा माणूस दुकानात जातो आणि नवा आणतो. पण परतूरच्या एका कॉलेजात कारकून असलेले अंगदराव जरा जास्तच शहाणे होते (हे त्यांचं स्वतःचं मत, त्याला दुजोरा देणारं दुसरं कोणी अजून भेटलेलं नाही), म्हणून ते दुकानात गेले नाहीत. ते माळ्यावर चढले.

माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात क्रिकेटची कार्डं. पिंपळगाव रेणुकाईला शाळेत असताना च्युइंगमच्या पाकिटातून निघायची, ती. त्या कार्डांपायी अंगदरावांच्या तीन दाढा गेल्या, पण एका कार्डाचा कोपरा दुमडला नाही. लग्नात आलेला पलंग मोडला, कपाट गंजलं, संसारातलं बरंच काही इकडचं तिकडे झालं. डबा मात्र जसाच्या तसा राहिला.

"खाली उतरा," अंगदरावांच्या पत्नी तृप्तीवहिनी शिलाई मशीनवरून म्हणाल्या. त्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून द्यायच्या. "डब्यात मिक्सर हाय का?"

"मिक्सरच समज. एकेक कार्ड ऑनलाइन चार-चार हजाराला जाऊन राह्यलं. बेंगलोरला लोक पागल झालेत याच्यासाठी."

"बेंगलोरचं मला ठाऊक न्हाई. परतूरचा एक ठाऊक हाय." वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "हे बघा, या महिन्यात डब्यातून मिक्सर निघाला, तर रोज पदरानं डबा पुसून ठेवीन. न्हाई निघाला, तर भांडेवालीला देऊन टाकीन. मंजूर?"

"मंजूर!" अंगदराव ताठ मानेनं म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांनी डबा छातीशी घट्ट धरला. कारण त्यांचा जीव खरोखर त्या डब्यात होता.

विकायला त्यांनी सगळ्यात दुर्मिळ कार्ड काढलं, एका परदेशी विकेटकीपरचं. शाळेत असताना त्यासाठी त्यांनी वसंताला नवीकोरी कंपासपेटी दिली होती. (त्या व्यवहारावर एकच कर लागला होता, वडिलांची चप्पल. तोही जागच्या जागी वसूल झाला. अर्ज नाही, पासवर्ड नाही.) कार्डाचा फोटो काढून त्यांनी एका विक्रीच्या साइटवर टाकायला घेतला, तर साइटने जीएसटी नंबर मागितला.

कल्याण हा त्यांचा वर्गमित्र. तहसीलसमोर 'कर सल्लागार' म्हणून बसायचा. मित्राकडून काय फी घ्यायची, असं आधी म्हणायचा आणि मग घ्यायचा.

"महाराष्ट्राच्या भाईर ऑनलाइन माल पाठवायचा म्हणल्यावर नंबर लागतोच," कल्याण म्हणाला. "माल काय हाय?"

अंगदरावांनी कार्ड दाखवलं. कल्याणने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे नेमकं काय म्हणायचं? खेळणं, छापील चित्र, का पुराणवस्तू?"

"आवड हाय रे ती."

कल्याणने कॉम्प्युटरवर शोधल्यासारखं केलं. "सरकारी यादीत खिळ्यांचा कोड हाय, म्हशीच्या शेणाचा असंल. आवडीचा न्हाई. छापील चित्र टाकतो. धंद्याचं नाव सांग."

"धंदा न्हाई, एकच कार्ड विकायचंय!"

"एक विकायचं असू दे, न्हाई तर एक लाख. नाव सांग जल्दी."

अशा रीतीने मिक्सर जळाल्याच्या आठवडाभरात अंगदराव 'रेणुकाई ट्रेडर्स'चे मालक झाले. दारावर नंबरासह पाटी लावणं नियमाने बंधनकारक होतं. संपत पेंटरने चांगली जाड पत्र्याची पाटी रंगवली. नाव लाल, नंबर निळा, आणि एका कोपऱ्यात आपल्या मनाने कापसाचं बोंड. ("ट्रेडर्स म्हणल्यावर बोंड येतंच, सर. त्याचे पैसे धरले न्हाईत," असं म्हणून त्याने ते धरले.)

परतूरच्या बाजारात कापूस आणि धान्य चालतं. त्यामुळे ती पाटी वाचून विकेटकीपरची चौकशी करायला कोणी आलं नाही. दुसऱ्याच दिवशी केदारखेड्याचे भागवतमामा रुमालात मूठभर सोयाबीन बांधून हजर झाले.

"काय भाव लावून राह्यले, शेठ?"

"मामा, मी सोयाबीन घेत न्हाई."

"मंग काय घेता?"

"घेत काहीच न्हाई. विकतो. कार्ड. फोटोचं."

मामांनी पाटीकडे पाहिलं, बोंडाकडे पाहिलं आणि शेवटी अंगदरावांकडे पाहिलं. "घरच्यांना माहीत हाय का?" असं त्यांनी हळू आवाजात विचारलं आणि सोयाबीन परत बांधून घेतलं.

पण देव दयाळू असतो. त्याच संध्याकाळी बेंगलोरच्या एका गिऱ्हाइकाने विकेटकीपर घेतला. चार हजार दोनशे! अंगदरावांनी आरोळी ठोकली. त्यांनी कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, ते पुठ्ठ्यात, पुठ्ठा खोक्यात. नुसतं टेप लावायचं बाकी होतं. तेवढ्यात द्वारकाबाई, म्हणजे अंगदरावांच्या आई, देवघरातून ताट घेऊन आल्या.

"पहिली बोहणी हाय अंगद. ट्रॅक्टर आला तरी आपण पुजतो. घरातून पहिला माल चाललाय, तो असाच कोरा धाडतो का?"

"आई, बाहेरून ओवाळ. आत हात लावू नको."

"मी कशाला हात लावू?" द्वारकाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं. गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी होती. त्यांचा अध्यक्ष मिथुन याने आधी पाटीला नमस्कार केला.

"सर, अकराशे."

"अरे, दरसाली दोनशे एक देतो मी!"

"ते नोकरदाराचं, सर. व्यापाऱ्याचं अकराशे. आमी कोणावर जबरदस्ती करत न्हाई, पाटी बघून पावती फाडतो."

(सरकारचं एक बरं असतं, ते निदान उलाढाल किती म्हणून विचारतं. मंडळ तेही विचारत नाही.) अंगदरावांनी पुष्कळ घासाघीस केली आणि अकराशे रुपये दिले. ते आत आले तेव्हा खोकं टेप लावून तयार होतं आणि आई हात जोडून बसल्या होत्या. आईने मदत केली, या विचाराने अंगदरावांना भरून आलं. त्यांनी खोकं कुरियरवाल्याच्या हवाली केलं आणि रात्री जेवताना वहिनींना विचारलं, "किती जारचा आणायचा?"

"आधी पैसे तर येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. त्या चटणी खलबत्त्यात कुटत होत्या आणि जरा जोरातच कुटत होत्या.

पैसे आले नाहीत. खोकं आलं. सोबत कंपनीचा मेसेज: 'ग्राहकाने वस्तू परत केली आहे. कारण: वस्तूच्या कपाळावर लाल डाग. पाकिटात तांदूळ आढळले.'

अंगदरावांनी कार्ड बाहेर काढलं. विकेटकीपरच्या गोऱ्यापान कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. त्यावर हळद होती. हातमोज्यावर एक अक्षताही चिकटलेली होती. इतकी वर्षं जपलेलं, मार खाऊन मिळवलेलं ते कार्ड आणि त्याची ही गत! त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"आई! तू तर हात लावणार नव्हतीस!"

"मी कुठं लावला? बोट लावलं. प्लास्टिकवरून कुंकू लावलं तर देवाला पोचतंय का?" द्वारकाबाईंनी कार्ड हातात घेऊन निरखलं. "बघ, सवाष्णीवानी कसा दिसून राह्यलाय. घर सोडवेना त्याला, म्हणून वापस आला." आणि त्यांनी विकेटकीपरला उचलून देव्हाऱ्यात रेणुकाईच्या डाव्या हाताला ठेवलं. "पुजलेला माणूस इकायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी अंगदराव कंपनीचा हिशेब घेऊन कल्याणकडे गेले. हिशेबाच्या शेवटी मोठी रक्कम होती आणि तिच्याआधी वजाचं चिन्ह होतं.

"कल्याण, मला एक रुपया मिळाला न्हाई. मंग हे काय?"

"हे न्यायचं भाडं. हे वापस आणायचं भाडं, माल खराब निघाला म्हणून तुझ्या डोक्यावर. ही ऑर्डर हाताळल्याची फी. आन् हा त्या फीवरचा जीएसटी."

"फीवर कर?"

"फी म्हणजे सेवा. सेवेवर कर लागतो."

"कोणी केली सेवा?"

"त्यांनी तुझी केली. तुला कळली न्हाई, ही गोष्ट वेगळी." कल्याणने चष्मा पुसला. "आन् बिलकुल विसरू नको, काही विकलं न्हाई तरी 'काही विकलं न्हाई' असं वेळेवर कळवावं लागतं. न्हाई कळवलं तर दंड."

"मंग बंदच करून टाक हे लफडं."

"करू की. त्याचाबी अर्ज असतो. मंजूर होईस्तोवर पाटी काढू नको. आन् फीचं म्हणशील, तर मित्राकडून काय घ्यायचं..."

महिना संपला. वहिनींनी ब्लाउजांच्या शिलाईच्या पैशांतून, कोणाला न सांगता, नवा मिक्सर आणला. त्यांच्या धंद्याला ना नाव, ना नंबर, ना बोंड. बायका कापड द्यायच्या, ब्लाउज न्यायच्या आणि पैसे मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. मिक्सर सुरू झाला तेव्हा अंगदरावांनी मान खाली घातली. शब्द तो शब्द. ते स्वतःच माळ्यावर चढले आणि डबा घेऊन खाली आले.

जुन्या वस्तूंवर भांडी देणारी भांडेवाली केशरबाई ओट्यावर टोपली उतरवून बसली होती. वहिनींनी तिला चहा दिला आणि चहाबरोबर सगळी कथा सांगितली. कुंकू, अक्षता, वापसी, भाडं, सगळंच. केशरबाईने पोट धरून ऐकलं. मग डबा वाजवून पाहिला, झाकण उघडलं आणि सगळी कार्डं अंगदरावांच्या मांडीवर ओतली.

"हे कागूद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला पत्रा लागतो." तिने वहिनींना एक चहाची गाळणी दिली. व्यवहार संपला. फी नाही, अर्ज नाही, वजाचं चिन्ह नाही.

मग तिची नजर दारावर गेली. "ती पाटी देता का? पत्रा चांगला जाड हाय. तिच्यावर मोठं पातेलं देते."

"ती काढता येत न्हाई," अंगदराव मांडीवरची कार्डं गोळा करत पुटपुटले. "अर्ज मंजूर व्हायचाय."

"मंग पाटीच्या मालकावर काय देशील?" वहिनींनी हसत विचारलं.

केशरबाईने अंगदरावांकडे बघितलं. डबा वाजवून पाहिला होता, तशाच बारकाईने तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"नको बाई. हा माल नेला तरी सांजच्याला वापस येतो. आन् वापसीचं भाडं माझ्या डोक्यावर."