उमाईसाहेबांचा धर्मादाय आणि तरीवरील होडीची सात भोके

श्री. वाहत्या पाण्याच्या देवतेस साष्टांग नमन, आणि वाचणारांस विनंती ऐसी की, हसू आलियास हसावे, परंतु अखेरपर्यंत वाचावे. शके सतराशे एकोणतीस, प्रभवनाम संवत्सर, वैशाख मास. एके राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, कैलासवासी उमाईसाहेब यांनी आपले द्रव्य लोकांचे कल्याणास लावून देह ठेविला, आणि ते कोणास द्यावे हे ठरवावयास दानसभा बसविली होती. सभेचे मुख्य रायाजीराव सरदार, निकषांचे जाणते धोंडभट शास्त्री, आणि अर्ज वाचावयास कारकून नारो अंबादास. हे नारोपंत वयाने तरुण, स्वभावाने भिडस्त. परक्याचा अर्ज खणखणीत वाचीत, आपले मत मात्र ओठांवर आले की गिळीत. नकाराची पत्रे त्यांचेच हातची जात, आणि मग ते नदीकाठी बसून पाण्याकडे पाहात, जणू नाकारलेली सारी माणसे त्या पाण्यातून निघोन चालली आहेत.

बाईसाहेबांनी निकष एकच ठेविला होता की, जे नवे असेल त्यासच द्यावे. आणि त्यांचा हेतू काय होता हे विचारावयाची सोय आता उरली नव्हती. ऐशात तरीवर, म्हणजे नदी ओलांडावयाच्या उतारावर, होडी चालविणाऱ्या सात भोईणींचा अर्ज आला. या बायका अठरा वर्षे आजारी माणसे आणि अडलेल्या लेकी फुकट पैलतीरी वैद्यांकडे पोहोचवीत, आणि त्यांची होडी तळाशी कुजली होती. पावसाळ्याआधी तळ न बदलता तर होडी काठावरच राहती, आणि अडलेली बाईही. त्यांची मुख्य तानूबाई सभेत उभी राहिली, तेव्हा शास्त्रीबुवांनी विचारिले, "बाई, तुमच्या कामात नवे काय?"

"नवं काय असनार, म्हाराज? नदी जुनी, आमी जुन्या. लेकरं तेवढी नवी जल्मत्यात."

"आणि फळ कसे मोजता?"

"पलीकडं उतरली की मोजते. जेवढी चढली तेवढी उतरली, म्हंजी झालं."

शास्त्रीबुवांनी नावीन्यास शून्य गुण लिहिले. दुसरा अर्ज गुणाजी पंडितांचा. पैलतीरी त्यांस मंडप बांधावयाचा होता, ज्यात थोर लोकांनी बसोन नदी कशी ओलांडावी याचा विचार करावा. ऐसा मंडप त्रिभुवनात नव्हता, म्हणोन त्यांस पैकीच्या पैकी गुण पडिले. नारोपंतांचे मनी आले की काही बोलावे. आणि मग त्यांनी टाक शाईत बुडविला, आणि शब्द घशात.

परंतु सभेचा रिवाज ऐसा की, जागा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मोहोर उठत नसे. सबब स्वारी मंडपाची जागा पाहावयास निघाली, आणि नदीकाठी येऊन उभी राहिली, आणि मग सर्वांचे ध्यानी आले की पलीकडे जावयास तानूबाईची होडी तेवढी आहे. सरदार मधोमध बसले, शास्त्रीबुवा गुणांचे कागद छातीशी धरोन बसले, आणि नारोपंत टोकास. मध्य प्रवाहात येताच तळातून पाण्याची चिळकांडी उडाली, मग दुसरी, मग सरदारांचे बैठकीखाली तिसरी.

"हे काय आहे?" सरदार गर्जले.

"पानी हाय, सरकार. पागोटं काढा आन् उपसा. शास्त्रीबुवा, त्या कागदांचा बोळा द्या हिकडं!"

"हे गुणपत्रक आहे, बाई!"

"मंग भोकात घाला, गुन येईल!"

तेव्हा राज्यातील थोर मस्तकांवरील पागोटी पाणी उपसू लागली, आणि मंडपाचे पैकीच्या पैकी गुण होडीचे तळाशी कोंबले गेले, आणि स्वारी भिजोन पैलतीरी लागली. तानूबाईने बोटाने माणसे मोजिली आणि म्हणाली, "चढली तेवढी उतरली." काठी गुणाजी पंडित कोरडे ठणठणीत उभे होते. सरदारांनी विचारिले, "आपण नदी कशी ओलांडता?" पंडित म्हणाले, "तानूबाईच्या होडीने. परंतु त्यात विचार नाही."

दुसरे दिवशी सभा बसली. सर्वांचे मनी होडीस द्यावे ऐसेच होते, परंतु स्वर्गवासी बाईसाहेबांचा निकष मोडण्याची छाती कोणास होईना. सरदार शास्त्रीबुवांकडे पाहात, शास्त्रीबुवा छताकडे, आणि दारात तानूबाई पदराचे टोक मुठीत धरोन उभी. नारोपंतांस नकाराचे पत्र लिहावयाची खूण जाहली. त्यांनी कागद घेतला, आणि त्यांस कालचे पाणी आठवले, किती थंड होते ते. आणि जन्मात प्रथम त्यांचा शब्द ओठांवरून माघारी फिरला नाही.

"सरकार, भोके नवी आहेत."

सरदार पुढे झुकले.

"म्हणजे?"

"होडी जुनी, काम जुने. परंतु भोके कालची. कालपूर्वी या राज्यात ती भोके नव्हती."

शास्त्रीबुवांनी तानूबाईस विचारिले, "किती पडली?"

"सात, म्हाराज. एक बी जुनं न्हाई, देवाशप्पत!"

शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला आणि त्यांनी नावीन्यास पैकीच्या पैकी गुण दिले. आणि सात भोके एकाच तळास असल्यामुळे सबंध तळ बदलण्याची मोहोर उठली. मंडपास निरोप गेला की, नदी ओलांडण्याचा विचार तूर्त ओलांडणारांवर सोपवावा.

सभेचा आणखी एक रिवाज होता. जेथे दान लागे तेथे बाईसाहेबांचे नावाची तांब्याची पाटी ठोकीत. दान तळास लागले, म्हणोन पाटी तळास, पाण्याचे बाजूस बसली, आणि ती मासे वाचतात. आषाढात, पूर असता, एक अडलेली लेक होडीतून पार जाहली आणि परत येताना दोन जीव आले. नारोपंत काठावर होते. तानूबाई ओरडली, "पंत, हिशेब चुकला! चढली त्यापरीस उतरली जास्त!"

तात्पर्य इतकेच की, तळ नवा, नदी जुनी, पाटी पाण्याखाली. आणि नारोपंत पुन्हा अबोल जाहले. परंतु अर्जात नवे काय हा रकाना आला की, ते पहिल्याने भोके शोधीत. बहुत काय लिहिणे.