चार मजल्यांमागे एक थकवा

“सहा थकवे झाले की मरण! हे कुणी मोजलं?”

शनिवारची सकाळ होती. दिव्या ओट्यापाशी कांदा चिरत होती आणि ज्योतीराम तिच्या खेळाच्या नियमांची वही वाचत होते. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत चालला होता.

“कुणी नाही मोजलं, बाबा. खेळ आहे तो.”

“मोजल्याशिवाय लिहिलंस?”

हा प्रश्न त्यांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं विचारला होता. टाइम स्टडी हे त्यांचं खातं. स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, एक नट आवळायला किती सेकंद लागतात ते टिपायचं, त्यात थकव्याचे म्हणून काही टक्के घालायचे आणि पाळीला किती नग निघाले पाहिजेत ते ठरवायचं. कंपनीत त्यांना कुणी चहाला बोलावत नसे. निवृत्तीनंतर ते घरच्यांच्या मागे उभे राहू लागले होते.

दिव्याचा खेळ फाशांचा होता. चारजणांनी टेबलाभोवती बसून एकेक वीर व्हायचं, चिलखत आणि शिधा पाठीवर घेऊन काळकडा चढायचा आणि माथ्यावरच्या राक्षसाला मारायचं. नोकरी सांभाळून दोन वर्षं तिनं तो रचला होता. महिन्याभरात तो छापायला जायचा होता. चढताना आणि पळताना वीर किती दमतो, एवढं मात्र तिनं अंदाजानं ठोकून दिलं होतं.

“दिवसभर चाललं तरी एक थकवा आणि दिवसभर पळालं तरी एकच? तुझे वीर काय भरपगारी रजेवर निघालेत?”

“मग तुम्हीच काढा ना आकडा!” दिव्यानं सुरी आपटली.

हे बोलायला नको होतं. दहाव्या मिनिटाला ज्योतीराम इमारतीच्या जिन्यापाशी उभे होते, हातात स्टॉपवॉच आणि काखेत पॅड. वीर म्हणून त्यांनी तळमजल्यावरच्या हिंदुरावांना धरलं. हिंदुराव त्याच कंपनीतले जुने फिटर. चिलखत म्हणून त्यांच्या पाठीवर वीस किलो गव्हाचं पोतं दिलं.

“साहेब, ह्ये नक्की कशापायी?”

“डोंगर चढायचाय. वर राक्षस आहे.”

“चौथ्या मजल्यावर तर चेअरमन ऱ्हात्यात.”

“तेच समज. चल, घड्याळ लावलं.”

हिंदुराव निघाले. पहिल्या मजल्यावर टेकले, दुसऱ्यावर कठडा धरून देवाचं नाव घेतलं, तिसऱ्यावर त्यांनी पोतं भिंतीला घासलं आणि त्याची शिवण उसवली. गहू पायरी पायरी उतरत खाली निघाला. दूध घेऊन वर येणारे चेअरमन यशवंतराव त्यावरून घसरले आणि पिशवीसकट बसले.

“ज्योतीराम, हा सोसायटीचा जिना आहे!”

“बाजूला बसा. घड्याळ चालू आहे.”

चढाईला नऊ मिनिटं लागली. मग पळण्याची चाचणी पार्किंगमध्ये झाली. पोतं घेऊन पळणारा इसम आणि त्याच्या मागे ओरडत पळणारे ज्योतीराम पाहून वॉचमननं शिट्टी फुंकली, फाटक लावलं आणि हिंदुरावांची कॉलर धरली. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: ‘जिन्यात व पार्किंगमध्ये वीर आणि राक्षस आणू नयेत.’ दिव्या दोन तास जिन्यातला गहू गोळा करत होती आणि प्रत्येक पायरीवर मनातल्या मनात वडिलांशी भांडत होती.

संध्याकाळी ज्योतीरामांनी तक्ता तिच्यापुढे धरला.

“चार मजल्यांमागे एक थकवा. पळालं तर चाळीस पावलांमागे एक. सहा झाले की माणूस आडवा. राक्षसालाही हाच नियम. बघ तरी.”

“ठेवा तिथं,” ती मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला आलेल्यांपैकी जो ‘सुटले बिचारे’ म्हणाला, त्याला दिव्यानं विचारलं, “कशातून?” त्यानंतर भेटायला येणारे कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात तिनं वडिलांच्या तक्त्यातले थकव्याचे आकडे जसेच्या तसे नियमांत घातले आणि खेळ घेऊन भोसरीला निरंजनकडे गेली. तो आणि त्यांची मैत्रीण मैत्री दोन वर्षं तिच्याबरोबर हा खेळ तपासून बघत होते.

मैत्रीचा वीर चोवीस मजल्यांइतका चढला आणि आडवा झाला. काळकडा चाळीस मजल्यांचा होता. निरंजननं चिलखत टाकून दिलं, तरी त्याचा वीर कड्यावरच्या पहिल्या दरवाजाच्या अलीकडे कोसळला. शेवटी राक्षसालाच खाली बोलावलं. तो दोनशे चाळीस पावलं पळाला आणि मैत्रीच्या वीराशेजारी धापा टाकत बसला.

“मी त्याला मारते,” मैत्री म्हणाली.

“हात उचलायला थकवा लागतो,” निरंजननं नियम वाचला. “तुझे सहाही संपलेत.”

“आणि त्याचे?”

“त्याचेही संपलेत.”

“मग आम्ही करायचं काय? एकमेकांची विचारपूस?”

निरंजननं फासे खाली ठेवले. “दिव्या, राग मानू नकोस. काकांचं कुठंतरी चुकलंय.”

ज्योतीराम चुकले, असं तिच्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती, कारण आकडा त्यांच्याकडे असे.

“बाबा चुकत नाहीत!” दिव्या ओरडली. “तुमचे वीर बसून खाऊन माजलेत!” तिनं सगळं खोक्यात कोंबलं आणि स्कूटरला किक मारली. बाबा चुकले नसतील, तर चुकणारा माणूस एकच उरत होता.

हिंदुराव तळमजल्यावर आपल्या दारातच उभे होते.

“काका, चार मजल्यांना नऊ मिनिटं लागतात?”

हिंदुरावांनी मान खाजवली. “पाचाचं काम हाय, ताई.”

“मग?”

“घड्याळ दिसलं की पाय आपसूक जड व्हत्यात. कंपनीतली सवय. साहेब मागं येऊन हुभे ऱ्हायले की समदी लाइन हळू चालायची. भराभरा करून दावलं, तर उद्यापासनं तेवढंच मागत्यात.”

“म्हणजे फसवलंत तुम्ही त्यांना!”

“त्यास्नी कोण फसवतंय! त्यांना समदं कळायचं. कागदावर रेटिंग म्हणून रकाना असतुया. मला कायम साठ. म्हंजे हा गडी साठ टक्केच जोर लावतोय, बाकीचं नाटक. तेवढा वेळ कापा. पंचवीस वर्षांत साठाच्या वर गेले न्हाईत. ह्या बारीलाबी साठच आसंल. कापा, तुमचं गणित बसंल.”

दिव्यानं खोक्यातून वडिलांच्या तक्त्याचा कागद काढला. तो रकाना तिनं न समजल्यामुळे सोडून दिला होता. त्यात ज्योतीरामांच्या टोकदार अक्षरात आकडा होता.

“किती हाय?”

“शंभर.”

“दुसऱ्या कुणाचा कागद आसंल.”

“वर तुमचंच नाव आहे.”

हिंदुरावांनी कागद घेतला, लांब धरला, मग जवळ आणला आणि पाठीवर काही नसताना पहिल्या पायरीवर बसले. “मी कठडा धरून देवाचं नाव घेतलं,” ते म्हणाले. “साहेब समोरच हुभे हुते की.”

दिव्या जिन्यातून वर बघत होती. बाबांनी सगळं नाटक पाहिलं होतं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा, हिंदुरावांसाठी, मुद्दाम खोटा आकडा लिहिला होता. आणि त्या संध्याकाळी तो कागद त्यांनी पुढे धरला, तेव्हा तिनं मान वर केली नव्हती.

“बाबा, चुकलात तुम्ही!”

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की चौथ्या मजल्यावर यशवंतरावांचं दार उघडलं.

“चुकलात,” ती पुन्हा म्हणाली. “बरं केलंत, चुकलात.”