थंडीची दाढ

दुबईत थंडी कधी सुरू होते, हे हवामान खात्याला विचारू नका. करामा भागात आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर गुळवणींच्या डाव्या खालच्या दाढेला विचारा.

सकाळी आल्या आल्या डॉक्टर पेशंटच्या खुर्चीजवळच्या नळाखाली कागदी पेला धरतात, चूळ भरतात आणि पाणी डावीकडे नेतात. उन्हाळाभर गच्चीवरच्या टाकीतून पाणी आधणासारखं येतं, तेव्हा दाढ गप्प. मग एके दिवशी "आई गं!" असं ऐकू येतं. डॉक्टर डोळे मिटून हसतात. "यल्ला, आली! शाजी, हीटर लाव." त्या दिवसापासून पेशंटच्या चुळीला कोमट पाणी. स्वतःचा पेला मात्र ते गारच भरतात.

मी तिथे रिसेप्शनला लागले, तेव्हा नुकतीच लिपस्टिक लावायला शिकले होते. ती ओठांपेक्षा दातांनाच जास्त लागायची. डॉक्टर विधुर, बोलणं मोजकं. पहिल्याच हिवाळ्यात ते असे डोळे मिटून हसले आणि आमच्या बाईसाहेबांना, म्हणजे मला, वाटलं, हा आपल्या मोरपंखी साडीचा प्रताप! घरी येऊन मोठ्या तोऱ्यात ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दात दुखत असेल त्याचा."

आठवडाभर मी अबोला धरला होता.

आता हे नाहीत, आणि माझ्या तोंडात माझा एकही दात नाही. वरची-खालची, दोन्ही कवळ्या डॉक्टरांनीच केल्यात. नोकरी सुटूनही जमाना झाला. तरी दसरा झाला की फोन येतोच. "सुमनताई, खाली या. थंडी काय विचारून येते?"

थंडी म्हणजे तरी केवढी! माझी नात रेवती, इथेच वाढलेली, आता त्याच दवाखान्यात डेंटिस्ट आहे. ती म्हणते, "आजी, धिस इज नॉट स्वित्झर्लंड!" पण डॉक्टर ऐकतील तर शपथ. गच्चीवर पाणी जायच्या भोकांत वर्षभराची वाळू बसलेली असते. ती वाळू डॉक्टर स्वतः खरवडून काढतात, नाहीतर एका पावसात भिंतीवरून ओघळ येतात. खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. एक्स-रेच्या मशीनला प्लॅस्टिकचा रेनकोट. आणि ड्रिलला हवा पुरवणारा गच्चीवरचा कॉम्प्रेसर म्हणजे तर घरातलं तान्हं बाळ. दवाने त्याच्या पोटात पाणी साठतं, ते रोज काढायचं, आणि मग डॉक्टर त्याला कान लावून उभे. "छाती भरलीय हो याची." केरळचा शाजी, मशीनं सांभाळणारा, कुरकुरतो, "डॉक्टरसाब, बारिश एक दिन का, तैयारी एक महीने का!"

"इन्शाल्ला एक ही दिन हो," डॉक्टर म्हणतात.

फक्त स्वतःच्या दाढेची काळजी घ्यायची राहायची. त्यातली जुनी चांदी सैल झाली होती, खाली कीड पसरत होती. रेवती मागे लागली की एकच उत्तर, "ही थंडी जाऊ दे. मग बघू."

यंदाची ती सकाळ धुक्याची होती. समोरची इमारत नव्हतीच, कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून नेल्यासारखी. रस्ता दुधात बुडालेला, आणि त्यातून एखादा दिवा हळूच पोहत पुढे जायचा. मी थर्मास घेऊन खाली गेले. डॉक्टरांनी चूळ भरली. "आई गं" आलं, आणि पाठोपाठ बेसिनमध्ये टण् असा आवाज.

"फायनली!" रेवती म्हणाली. "द फिलिंग इज आउट."

डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते. "पाणी बंद! शाजी, गाळणी खोल!"

बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि हा एवढा मोठा डॉक्टर बेसिनखालच्या गाळणीतल्या घाणीत चिमटा घालून बसलेला. शेवटी तांदळाच्या कणीएवढं काळं काहीतरी निघालं. त्यांनी ते धुतलं, पुसलं, तळहातावर घेतलं.

"अंकल, इट्स जस्ट ओल्ड सिल्व्हर."

"वृंदाने भरलंय ते," डॉक्टर म्हणाले.

वृंदा त्यांची बायको. मी यायच्या आधीच गेलेली. मला ती भिंतीवरच्या फोटोतून माहीत. डॉक्टर सांगू लागले, डेंटल कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते. परीक्षेला तिचा पेशंट आलाच नाही, तेव्हा डॉक्टरच जाऊन खुर्चीत बसले. घाबरून तिने दाढ घाईत भरली. ती पास झाली, पण गार पाणी तेव्हापासून झोंबायला लागलं. "दर थंडीत मी ओरडायचो," डॉक्टर म्हणाले, "आणि ती म्हणायची, ही थंडी जाऊ दे, मग नीट करून देते."

म्हणजे आमचे हे बरोबर होते. दातच दुखत होता.

रेवतीने एक्स-रे काढला. तो बघितला, आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "अंकल, कीड आतल्या नसेला भिडलीय. नस काढली तर दाढ वाचेल. नाहीतर दाढच काढावी लागेल."

"नस काढली की गार लागायचं नाही."

"नाही लागणार."

त्यांनी ती काळी कणी लहान मुलांचे दुधाचे दात घालून देतात त्या डबीत ठेवली, डबी खिशात टाकली आणि खुर्चीत जाऊन आडवे झाले.

रेवतीचा हात फार सफाईदार आहे. दुखणं समूळ गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. धुकं तसंच होतं. डॉक्टरांनी पेला भरला, पाणी डावीकडे नेलं, थांबले. थुंकले. पुन्हा भरला, पुन्हा थांबले. शाजी हीटरच्या बटणापाशी उभा.

"सुमनताई," डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले, "यंदा थंडी नाही बहुतेक."

मी त्यांच्या हातातून पेला घेतला, चूळ भरली आणि पाणी डावीकडे नेलं.

"आई गं!" मी गाल धरून ओरडले. "आली की हो, डॉक्टर!"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही कवळ्या त्यांच्याच हातच्या.

"डावीकडे?" त्यांनी विचारलं.

"डावीकडेच. खालच्या दाढेत."

त्यांनी डोळे मिटले.

"शाजी," ते म्हणाले, "हीटर लाव."